दुसरा रिपोर्ट

देवळाली प्रवराच्या साळूबाईंच्या हाडातला मगज पहिल्यांदा तपासला, तेव्हा त्यात जंतू गिळणाऱ्या पेशींचे पुंजके दिसले. इतक्या पेशी धावून आल्यात म्हणजे टीबीच असणार, असं धरून गोळ्या सुरू झाल्या. आठ महिने झाले तरी ताप काही हटला नाही आणि अंगातलं रक्त कमीच होत गेलं.

शेवटी नगरच्या डॉक्टरीणबाईंनी कमरेच्या हाडातून पुन्हा नमुना काढून मुंबईला पाठवला. रिपोर्ट आला, हिस्टिओसायटिक ट्यूमर. ज्या पेशी टीबीशी लढताहेत असं सगळे समजत होते, त्यांचाच तो कॅन्सर होता. आता फार उशीर झाला होता.

डॉक्टरीणबाईंनी जमेल तितक्या हळुवारपणे सगळं सांगितलं. मुलगा आदिनाथ खाली मान घालून बसला. साळूबाईंनी मात्र एकच विचारलं, "बाई, ह्यो रोग दुसऱ्याला लागतो का?"

"नाही मावशी, अजिबात नाही."

साळूबाईंचा चेहरा एकदम उजळला. त्या मुलाकडे वळल्या.



"ऐकलं का रं? मंग आता माझी बाज गोठ्यातनं घरात घे."