तोट्यातली दुर्वा

दुपारी तीनला मुलांचा बाजार बंद होणार होता.

कुमुदबाईंनी तीस वर्षं पोटाला चिमटा काढून आपल्याच विद्यार्थ्यांचे शेअर घेतले होते. मुलं कमावती झाली की कमाईतला वाटा मिळायचा. तोवर फी भागधारकांनी भरायची. आता डॉक्टरांनी बजावलं होतं, "शिकवणं थांबवा, नाहीतर आवाज कायमचा जाईल." घरी बसून खाण्याइतकी पुंजी जवळजवळ जमली होती. अडत होतं ते तिसरीतल्या दुर्वापाशी. बाकीच्या भागधारकांनी तिला केव्हाच बाजाराला परत विकलं होतं, म्हणून तिची सगळी फी एकट्या बाईंवर पडत होती. त्यांनीही विकलं, तर तिचं नाव पटावरून उडणार होतं.

"विका की मला, बाई," पुन्हा चुकलेली वजाबाकी खोडत दुर्वा म्हणाली. "आई म्हणते, मी तोट्याचाच माल आहे."

तीनला दोन मिनिटं होती. बाईंचा अंगठा फोनवरच्या 'विका' या बटणावर होता. दुर्वाला दटावायला त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटलाच नाही.

बाईंनी फोन पालथा ठेवला, खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं, 'हातचा कुठे गेला?'