पहिलं ताट

तावीताने ऑकलंडच्या खाटीकखान्यात वीस वर्षं काढली. खिशात दोन पासपोर्ट. दोन्ही सरकारांच्या लेखी तो घरचाच. ऑकलंडचे शेजारी मात्र विचारायचे, "घरी कधी जाणार?" शेवटी तो सामोआला, आईकडे, कायमचा परतला.

आईने त्याला एकट्यालाच वाढलं आणि पंख्याने माश्या वारत शेजारी बसली. भाऊ, भावजय, पोरं खांबांना टेकून बघत राहिली.

"तुम्हीही बसा की."

"आधी तू. आम्ही मागाहून."

"आई, आधी पाहुण्याला वाढतात. मी काय पाहुणा आहे? सगळे बसल्याशिवाय मी घास घेणार नाही."

कोणी हललं नाही. भाजलेलं डुक्कर गार झालं.

"जेव रे बाबा," शेवटी आई काकुळतीने म्हणाली, "घरातली माणसं उपाशी आहेत."