पारवी

“शब्द तुम्ही उच्चारायचा नाही. खाकरायचंही नाही,” लोणी काळभोरला बसमधून उतरता उतरता नागोराव म्हणाले.

चेतनने मान हलवली. स्वारगेटपासून इथवर त्याने दोनदा कबुली द्यायला तोंड उघडलं होतं. दोन्ही वेळा नागोरावांनी, काय असेल ते साक्षीदारासमोर बोला, असं सांगून खिडकीबाहेर पाहिलं होतं.

प्रकरण एका शब्दाचं होतं. चेतन खराडीत सॉफ्टवेअर तपासायच्या नोकरीत होता आणि उरलेल्या वेळात सुतारकामाचे ब्लॉग वाचायचा. नोकरीच्या वेळातून बराच वेळ उरत असे. जपानचा करवतवाला, कॅनडातला खुर्चीवाला, अशी दीडशे माणसं त्याने शोधून काढली होती. मराठीत मात्र कोणी सापडेना. तेव्हा त्याने स्वतःच ‘रंधा’ नावाचा ब्लॉग सुरू केला. दोन वर्षांत त्यावर नव्वद लेख झाले आणि घरात एक स्टूल. त्या स्टुलावर त्याची बायको तनुजा पाहुण्यांना बसू देत नसे. पाहुणे चांगले होते.

एका लेखात ड्रॉवरच्या कोपऱ्यातला सांधा आला. एका फळीच्या टोकाला कबुतराच्या शेपटीसारखे पसरट दात कापायचे, दुसरीच्या खाचांत ते बसवायचे. खिळा लागत नाही. इंग्रजीत त्याला डोव्हटेल म्हणतात. चेतनने चार सुतारांना विचारलं, चौघेही डोव्हटेलच म्हणाले. मराठी सुतारकामाच्या ब्लॉगला हे शोभणारं नव्हतं. त्याने लिहून टाकलं, ‘आपले जुने सुतार याला पारवी म्हणत.’ पारवा म्हणजे कबूतर, हे लक्षात घेता संशोधन पुरेसं झालं होतं. मग त्याने चहा घेतला.

शब्द लोकांना आवडला. एका गृहस्थांना तो आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकल्याचं स्पष्ट आठवलं. आजोबा पोस्टात होते.

मग नागोरावांची प्रतिक्रिया आली. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवून ते निवृत्त झाले होते आणि सुतारांच्या शब्दांचा कोश करत होते. चेतनच्या ब्लॉगवरचे एकशे बारा शब्द त्यांनी कोशात घेतले होते. त्यांनी लिहिलं, ‘शब्द गोड आहे, म्हणून संशय येतो. तो वापरणारा एक सुतार दाखवा. न दाखवल्यास आपले सगळेच शब्द काढतो, आणि का काढले तेही छापतो.’

बाकीचे एकशे अकरा शब्द खरे होते. शनिवार-रविवार सुतारांच्या दारात उभं राहून, उजेड अडवल्याबद्दल शिव्या खाऊन चेतनने ते गोळा केले होते. आयुष्यात त्याने केलेलं न डुगडुगणारं काम ते एवढंच. एका पारवीपायी तेही जाणार होतं.

साक्षीदार त्याला मिळेना. शेवटी नागोरावांनीच निवडला. हिंदुराव, वय अठ्ठ्याहत्तर, लोणी काळभोरचे सगळ्यांत जुने सुतार.

हिंदुराव पत्र्याच्या शेडमध्ये फळीवर रंधा मारत होते. नागोरावांनी चेतनची ओळख करून दिली ती ‘हे पुण्याचे’ एवढीच. मग कोपऱ्यातल्या अर्धवट कपाटाचा ड्रॉवर उचलला आणि सांध्यावर बोट ठेवलं.

“हिंदुराव, याला काय म्हणता?”

“पारवी,” हिंदुराव म्हणाले. रंधा थांबलासुद्धा नाही.

चेतन जवळच्या ओंडक्यावर बसला. पहिलं मिनिट त्याला काही सुचलं नाही. दुसऱ्या मिनिटाला वाटलं, लहानपणी कधीतरी कानावर पडला असणार. तिसऱ्या मिनिटापर्यंत त्याची खात्री झाली होती की शब्द आपल्याला पहिल्यापासून माहीत होता, आपण उगीच स्वतःवर संशय घेतला. डोव्हटेल म्हणणाऱ्या त्या चारी सुतारांची त्याला कीव आली. एवढी साक्ष चालेल की स्टँपपेपर आणू, असं त्याने नागोरावांना अत्यंत नम्रपणे विचारलं.

नागोरावांनी कोशाची वही उघडली होती. तिच्यातून मान वर न करता त्यांनी विचारलं,

“हिंदुराव, कधीपासून म्हणता?”

आता रंधा थांबला. हिंदुरावांनी त्यात अडकलेल्या ढलप्या काढल्या.

“आमी जलमभर डोव्हटेलच म्हनायचो, गुरुजी. पर औंदा संक्रांतीला नातीनं मोबाईलवर वाचून दावलं. खराडीचा कुनी सायब लिवतोय, जुनं सुतार पारवी म्हनत्यात. म्हनलं, आता आपुनबी जुनं झालो. म्हनाया लागावं. आता तर गिऱ्हाईकबी पारवीच घाला म्हनतंय.”

हिंदुराव पुन्हा रंधा मारू लागले. नागोराव लिहीत राहिले. चेतन एकशे बारा शब्दांवर रेघ मारली जाण्याची वाट पाहत होता. तेवढ्यांना एक रेघ पुरते का, की एकशे बारा लागतात, हे त्याला माहीत नव्हतं.

नागोरावांनी वही त्याच्याकडे फिरवली. अक्षर फळ्यावरच्यासारखं सुबक होतं. ‘पारवी. स्त्रीलिंगी. डोव्हटेल सांधा. वापर: लोणी काळभोर. जन्म: खराडी.’ खाली एक ओळ मोकळी सोडली होती. त्यांनी पेन पुढे केलं.

“इथे पालकांची सही.”