पिंकीची वेणी

“आज त्यात काही घालू नकोस,” वंदना मॅडम प्रयोगशाळेच्या दारातूनच म्हणाल्या.

श्वेताचा हात तिथेच थांबला. ड्रॉपरच्या टोकाला थेंब लोंबत होता. खाली फ्लास्कमध्ये तिच्या धाकट्या बहिणीचे, पिंकीचे केस संथपणे फिरत होते.

फ्लास्कमधली बुरशी श्वेताने कोंबड्यांच्या खुराड्याजवळच्या मातीतून शोधली होती. केस, नखं, पिसं, जे कुणालाच पचत नाही ते ती पचवायची. पण आयतं मिळालं की तिच्याइतकं आळशी कुणी नाही. पाण्यात अमोनियाचा क्षार असला की त्यातला नायट्रोजन ती आरामात घ्यायची आणि केसांकडे ढुंकूनही बघायची नाही. तो संपला, पोटात कावळे ओरडू लागले, की मगच ती एन्झाइम सोडायची आणि केस विरघळवून खायची. पोल्ट्रीवाल्यांच्या पिसांचे ढीग जिरवायला तेच एन्झाइम हवं होतं. श्वेताची पीएचडी त्यावरच होती, वंदना मॅडमच्या हाताखाली.

वेणी पिंकीनेच दिली होती. किमो सुरू व्हायच्या आधी सीताबर्डीच्या पार्लरमध्ये कापून आणली आणि ताईच्या हातात ठेवली. “तसेबी गळणारच आहेत. तुह्या बुरशीची त पार्टी होऊ दे!” आणि वर खो खो हसली. उन्हाळा सरायच्या आत पिंकी गेली. तिचे केस घातलेले बाकीचे फ्लास्क भलत्याच बुरशीने नासले, फेकून द्यावे लागले. खापरखेड्याच्या घरात, आजारपणात फिनाइलने पुसून पुसून, तिचा एक केससुद्धा सापडत नव्हता. उरला होता हा एवढा फ्लास्क.

म्हणून श्वेता रोज त्यात क्षाराचे थेंब घालायची. बुरशीचं पोट भरलेलं राहावं, केस शाबूत राहावेत, एवढंच. वाफेत उकळून काढलेल्या केसांना वास नसतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी कापसाचा बोळा काढला की खोबरेल तेलाचा वास यायचा. रात्री भाड्याच्या खोलीवर अंथरुणाला पाठ टेकली की फ्लास्क हलवणाऱ्या यंत्राची घरघर कानात सुरू व्हायची, आणि खोलीत कुणीतरी पाठमोरं बसून केस विंचरतंय असं वाटायचं. तिला भीती वाटायची. आणि ती भीती जाऊ नये, असंही वाटायचं.

“प्रत्येक वेळी एन्झाइम शून्य. मी काय आंधळी आहे?” मॅडम जवळ आल्या. मग त्यांचा आवाज उतरला. “दुसरे केस घे म्हटलं असतं गं. पण पुन्हा पहिल्यापासून करायला वेळ कुठे आहे? या महिन्यात काही दाखवलं नाहीस, तर तुझी नोंदणी मला वाचवता येणार नाही.”

त्याच दुपारी श्वेताची आई, सिंधूताई, खापरखेड्याहून बसने आली. हातात स्टीलचा डबा होता, आत नव्या कापडाची घडी.

“पिंकीचे केस न्याले आली मी.”

“निघत नाही ते, आई. बुरशीचे धागे शिरले त्याच्यात. ओढले त तुटतीन.”

सिंधूताईने फ्लास्क उजेडाकडे धरला. “हे केस खाते?”

“हाव.”

“मंग अजून काहून नाही खाल्ले?”

श्वेताला रडू आवरेना. “मीच त्याले दुसरं खाऊ घालून राहिली वं आई. पोट भरलं की सुस्त पडून राहते. उपाशी ठेवलं तरच केसाले तोंड लावते.”

सिंधूताई फ्लास्क मांडीवर घेऊन बसून राहिली. मग म्हणाली, “शेवटी शेवटी पेजबी उतरत नव्हती तिच्या गयाखाली. माही पोर उपाशी गेली. तिच्या केसानं कोणाचं पोट भरत असन, त भरू दे.”

आणि रिकामा डबा घेऊन ती परत गेली.

श्वेताने थेंब बंद केले. काही दिवस काहीच घडलं नाही. मग केसांची चमक गेली. ते कुरतडल्यासारखे झाले, तुटू लागले. एका सकाळी पाणी गढूळ झालेलं होतं आणि त्यात बुरशीचा पांढरा, मऊ गोळा तरंगत होता. केस नव्हते. एन्झाइम मात्र भरभरून आलं होतं. मॅडमनी सगळ्या विभागाला पेढे वाटले. श्वेताला हातातल्या पेढ्याची आणि स्वतःची शिसारी आली. रात्रीची ती घरघर बंद झाली होती. तेलाचा वासही येत नव्हता. पिंकी आता खरंच कुठे उरली नव्हती.

तिने आईला फोन केला. दुसऱ्या दिवशी सिंधूताई आली, तोच डबा घेऊन.

“संपले?”

“संपले.”

“आतमधी तिचं काहीच नाही राहिलं?”

खोटं सांगून धीर द्यावा असं श्वेताला वाटलं. पण जे खरं होतं तेच तोंडातून निघालं. “केसात जे होतं ते सारं याच्या अंगात गेलं, आई. त्याच्यावरच वाढलं हे.”

“मंग आता हे काय खाईन?”

प्रयोग झाला होता. संध्याकाळी फ्लास्क वाफेत घालून, आतली बुरशी मारून, धुऊन ठेवायचा होता.

सिंधूताईने डबा टेबलावर ठेवून उघडला. स्टुलावर बसली. अंबाड्यातला एकेक आकडा काढून डब्याच्या झाकणात टाकला. करडे केस पाठीवर मोकळे झाले.

“कात्री आन वं, श्वेता,” ती म्हणाली. “पोरीले आता उपाशी नाही ठेवाचं.”