अंघोळीची स्लाइड

हरणांच्या सतरा स्लाइड्स होऊन गेल्या तरी पद्माकरचा उत्साह काही ओसरेना. नॉटिंगहॅमच्या घरात पडदे ओढून, भिंतीला पांढरी चादर लावून डॉक्टरसाहेब नामिबियाचं वाळवंट दाखवत होते. सोफ्यावर त्यांचे मित्र मोहन आणि अलका बटाटेवडे खात बसले होते. दाराशी सुप्रभा, डॉक्टरांची बायको, रिकाम्या बशा हातात घेऊन उभी होती.

"हा ओरिक्स. पाण्याशिवाय आठवडेच्या आठवडे काढतो," पद्माकर म्हणाला.

"ब्रिलियंट!" अलका म्हणाली. तिथल्या मराठी मंडळाची सेक्रेटरी ती. "दिवाळीच्या प्रोग्रॅमला हाच शो करा तुम्ही. हॉल बुक झालाय, दीडशे माणसं येतील."

ट्रिपवरून आल्यापासून सुप्रभाला एकच घोर होता. कॅम्पवर आलेल्या त्या बाईची स्लाइड आली की हा माणूस काय सांगणार? खरं बोलला तर निदान त्याच्या तोंडाकडे बघवेल तरी. खोटं बोलला तर दिवाळीला दीडशे माणसांसमोर नटूनथटून त्याच्या शेजारी बसायचं, आणि टाळ्या वाजवायच्या.

खटकन आवाज झाला आणि भिंतीवर पद्माकरच आला. कमरेला पंचा, अंगभर साबणाचा फेस, डोळे मिटलेले, आणि डोक्यावर धरलेला स्टीलचा तांब्या. मागे तंबू, काटेरी झाडं आणि नजर पोचेल तिथवर वाळू.

मोहनला हसता हसता ठसका लागला. "अरे, कॅम्पिंगला तांब्या नेलास?"

"तुला माहितीये, अंघोळ झाल्याशिवाय माझ्या घशाखाली चहा उतरत नाही. बावीस दिवसांत एकदाही चुकवली नाही. आणि गरम पाण्याने, बरं का!"

पुन्हा खटकन. आता एक वाळकी बाई, अंगात ठिगळं लावलेला लांब झगा, पाय अनवाणी. हातात पिवळा प्लास्टिकचा कॅन.

"ही नंतर एकदा कॅम्पवर आली," पद्माकरने आवाज जरा खाली आणला. "मैलोन् मैल वस्ती नाही, कुठून आली देव जाणे. पाणी मागत होती. दिलं, कॅन अगदी काठोकाठ भरून दिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मोहन."

"हाउ स्वीट," अलका म्हणाली.

सुप्रभाला शिसारी आली. बाई आली होती संध्याकाळी. याने आधी तिचा फोटो काढला आणि मग हातानेच 'नाही' म्हणून सांगितलं. जीपमध्ये वीस-वीस लिटरचे तीन कॅन भरलेले, आणि हा तिला इंग्रजीतून पाण्याचं रेशनिंग समजावत होता. सुप्रभा तांब्या भरायला उठली तर म्हणाला, "एकीला दिलंस की उद्या दहाजणी येतील." आणि सुप्रभा खाली बसली. घरात पाऊल टाकणाऱ्याला आधी पाणी विचारायचं, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. बॉयलर दुरुस्त करायला आलेला गोरासुद्धा तिच्या हातचा पेला घेतल्याशिवाय कामाला लागत नसे. तीच सुप्रभा त्या दिवशी मुकाट्याने खाली बसली.

आणि स्लाइड्सचा ट्रे तर तिनेच लावला होता, तारीखवार. प्रत्येक स्लाइडच्या कडेवर तिच्या अक्षरात ऑगस्ट त्र्याण्णवची तारीख होती. बाईची स्लाइड आधी होती, अंघोळीची नंतर. याने दोन्हींची अदलाबदल केली होती. म्हणजे हा विसरला नव्हता, सगळं लक्षात ठेवून खोटं बोलत होता.

तिने बशा गालिच्यावर ठेवल्या आणि पद्माकरच्या हातातला रिमोट काढून घेतला.

"अगं, काय करतेस?"

तिने मागे जायचं बटण दाबलं. अंघोळ पुन्हा भिंतीवर आली. मोहन पुन्हा हसायला लागला.

"मोहन, हसू नका. तंबूच्या डावीकडे बघा. झाडाखाली."

मोहन पुढे वाकला. झाडाखाली जे होतं ते मघाशी कुणाला गाठोडं वाटलं असेल, कुणाला दगड. ती बाई होती. तोच झगा, गुडघ्यांना मिठी, आणि तोंड अंघोळ करणाऱ्या माणसाकडे. पिवळा कॅन तिच्या पायाशी आडवा पडला होता, झाकण उघडं.

"ही दुसऱ्या दिवशी सकाळची," सुप्रभा म्हणाली. "रात्रभर तिथेच बसून होती ती."



"हिला नीट आठवत नाहीये," पद्माकर म्हणाला. "अंघोळीनंतर दिलं आपण. दिलं ना, सुप्रभा?"

अलकाने हातातला पाण्याचा ग्लास हळूच टेबलावर ठेवला.

"पण मग हा फोटो काढला कुणी?" तिने विचारलं.

"मी. हसत हसत काढला," सुप्रभा म्हणाली. "अंघोळीचं पाणीही मीच तापवून दिलं होतं."