उघडा वजीर

हरेल त्याने आफ्रिकेच्या बोटीवर चार वर्षं कामाला जायचं, असं ठरवून हारुन आणि त्याचा धाकटा भाऊ रमजान ओटीवर बुद्धिबळ खेळायला बसले. हारुनची बायको सईदा महिन्याच्या लेकीला छातीशी धरून, श्वास रोखून दारातून बघत होती. हारुनने वजीर उघड्यावर टाकला.

“भाय, वजीर मरतोय. मागे घे,” रमजान म्हणाला.

“टाकला तो टाकला. मार!”

रमजानने मुद्दामच एक प्यादं पुढे सारलं. सईदाचा जीव भांड्यात पडला.

हारुनने तोच वजीर उचलून रमजानच्या घोड्याच्या तोंडाशी नेऊन ठेवला. “आता तरी मार, मेल्या!”

सईदा नवऱ्याकडे बघत राहिली. मग लेकीच्या अंगावर पदर ओढून म्हणाली, “मार, रमजान. त्यांना जायचंच आहे.”