दुसरी किल्ली

कुलूपवाल्याने तिसऱ्यांदा विचारलं, "आणि दुसरी किल्ली कोणाकडे?"

मेहुण्याने मान खाजवली. दुकानाच्या मागच्या खोलीत, कानशी आणि पितळेचा चुरा बाजूला सारून, त्याने भाचीसाठी दुरुस्त केलेला जुना कॉम्प्युटर मांडला होता. आतून कोरा. त्यात कोणती ऑपरेटिंग सिस्टीम घालायची एवढंच ठरायचं होतं, आणि 'एवढंच' म्हणता म्हणता दुपार कलली होती.

"दाजी, ही पहिली सिस्टीम, कंपनीची आहे. बिट्टीने काय पाहिलं, किती वेळ पाहिलं, सगळं तुमच्या फोनवर येईल."

हे कुलूपवाल्याला मनापासून आवडलं, म्हणूनच त्याला शंका आली. "माझ्या फोनवर येईल ते कुठून?"

"कंपनीकडून."

"म्हणजे माझ्या सात वर्षांच्या पोरीची खबर आधी त्यांना, मग उरलीसुरली मला. पुढची दाखव."

"ही दुसरी. फुकट आहे. ती आतून कशी बनलीय ते कोणीही वाचावं, अशी उघडीच ठेवलीय."

कुलूपवाल्याने मेहुण्याकडे नीट पाहिलं. याच्या लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांना आपण याला हुशार म्हणालो होतो, ते त्याला आठवलं. "फुकट कुलूप वाटणारा एक तर खुळा, नाहीतर त्याच्या खिशात किल्ली."

"कुलूप कसं बनतं ते तुमच्या धंद्यात सगळ्यांनाच ठाऊक आहे ना? म्हणून कोणी तुमचं कुलूप उघडतं का? तसंच हे. किल्ली एकच, जिचा कॉम्प्युटर तिची. ती हरवली तर मलाही उघडता येणार नाही."

हे मात्र धंद्यातलं बोलणं होतं. कुलूपवाल्याने मागचे स्क्रू तपासले, मग मेहुण्याचा चेहरा तपासला.

"मला फोनवर काहीच कळणार नाही?"

"काहीच नाही."

"बरं. घाल." पण त्या 'बरं'ला बराच वेळ लागला.

तासाभराने पडद्यावर चौकट उमटली: पासवर्ड लिहा. कुलूपवाला खुर्चीकडे सरकला, तोवर बिट्टी तिच्यावर चढून बसलीही होती.

"काय लिहितेस ते मला सांगून लिही."

"तुम्ही गिऱ्हाइकांना विचारता?"

विचारत नव्हता. आकड्यांचं कुलूप विकलं की गिऱ्हाईक आपला आकडा लावेपर्यंत तो भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. त्याचे वडीलही तसेच राहायचे. दुकानाचं नाव टिकलं होतं ते त्यावरच. मेहुणा हसू दाबत आधीच वळला होता. मग तोही वळला.

टक. टक. टक टक. टक.

किल्ली हरवलेल्या तिजोऱ्या त्याने नुसत्या कानाने उघडल्या होत्या. ही तर प्लास्टिकची बटणं. तिसरं आणि चौथं एकच. पाचवं जरा लांबचं, डावीकडचं. त्याने श्वास रोखून धरला.

टकटक थांबली.

"बाबा," मागून आवाज आला, "पाढे म्हणा. मोठ्याने."

"आत्ता? कशाला?"

"तुम्ही ऐकताय. आणि एकोणतिसाचा म्हणा, सोपा नको."

कुलूपवाल्याने घसा खाकरला आणि भिंतीला एकोणतिसाचा पाढा ऐकवायला सुरुवात केली. चौथ्या ओळीला तो अडखळला, तेव्हा मागे बटणं भराभर वाजून गेली.